विसरणाऱ्या बाईचा रोजा

माझ्या सासूला एका गोष्टीचा फार तोरा होता. "कळायला लागल्यापासनं एक रोजा बुडवला न्हाई मी," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. रमजानच्या महिन्यात तर ऐकवायचीच, पण दिवाळीत शेजारच्या अक्का फराळाचं ताट घेऊन आल्या तरी त्यांनाही ऐकवायची. अक्का बिचाऱ्या कन्नडमध्ये "सरी, सरी", म्हणजे बरं, बरं, म्हणत मान डोलवायच्या.

आता हे जरा ताणून सांगितलेलं होतं, हे घरातल्या बायकांना कळत होतं. महिन्याच्या त्या दिवसांत बाईला रोजा नसतो आणि नमाजही नसते. त्यातली नमाज कायमची माफ होते, रोजे मात्र पुढं सवडीनं फेडावे लागतात. अम्मा ते इमानेइतबारे फेडायची. ईद झालेली, आम्ही सगळे शेवयांवर हात मारतोय, आणि ही एकटी आपली कोरड्या ओठांनी आम्हाला वाढतेय. नवी नवरी असताना मी तिला एकदा विचारलं होतं, "अम्मा, नमाज माफ आणि रोजा तेवढा फेडायचा, असं का हो?"

"नमाज रोज येती गं बये, दिवसातनं पाचदा," ती म्हणाली. "घरातलं माणूसच ते. एखाद्या टायमाला नाही विचारलं तर रुसून बसत न्हाई. रोजा म्हंजे वर्षातनं एकदा येणारा पावणा. त्याला दारातनं परत लावून चालतंय व्हय?"

तोंडावर मी तिला अहो-जाहोच करत असे. पण इतक्या वर्षांनी सांगायला बसले की 'ती'च येते जिभेवर, आईसारखी. येऊ दे.

आमचं माहेर एकाच गावचं, निपाणी. तीही तिथली आणि मीही. घर होतं बेंगळूरला, चामराजपेटेत, मशिदीमागच्या गल्लीत. सासऱ्यांनी सिटी मार्केटजवळ पत्र्याच्या ट्रंकांचं दुकान घातलेलं. ते गेल्यावर आमचे हे बघत. सगळं घर दखनी उर्दू बोलायचं, दुकानात कन्नड. मराठी फक्त अम्माच्या पोटात राहिलेली, आणि तिला बोलायला कुणी नाही. म्हणून लेकाचं लग्न काढलं तेव्हा हट्ट धरून बसली, की सून आणीन तर निपाणीचीच. लोक सून आणतात ती भाकऱ्या थापायला. मला हिनं गप्पा मारायला आणलं, असं मी तिच्या तोंडावर म्हणायची, आणि ती म्हणायची, "भाकऱ्या तरी कुठं धड येतात तुला!"

एकोणीसशे पन्नासची दहा वर्षं सरत आली तेव्हा तिला विसर पडायला लागला. आधी हसण्यावारी नेलं आम्ही. आमटीत मीठ दोनदा पडायचं, नाहीतर पडायचंच नाही. मग एक दिवस यांनाच विचारलं, "दुकानातनं तुमचा भाऊ आला न्हाई अजून?" हे हातातला डबा तसाच धरून उभे राहिले. लेकाला ती दीर समजली होती आणि गेलेल्या सासऱ्यांची वाट बघत होती. मग तिची कन्नड गेली. मग दखनी गेली, जी तिनं चाळीस-एक वर्षं बोललेली. लेक बोलायचा आणि ती माझ्याकडं बघायची, की हा काय म्हणतोय. मी मराठीतून सांगायची. आमच्या घरात आई आणि मुलगा यांच्यात दुभाषी लागायला लागला, आणि ती मी.

पण एक होतं. जोहरची, म्हणजे दुपारची अजान झाली की ही उठायची. नळावर वजू करायची, हातपाय-तोंड सगळं क्रमानं धुवायची, आणि मुसल्ला पसरून नमाजेला उभी राहायची. मुसल्ल्यावर पाय पडला की ती पूर्वीचीच अम्मा व्हायची. आयती-सुरा सगळं बिनचूक. कधी वाकायचं, कधी कपाळ टेकायचं, सगळं बरोबर. मी शेजारी भाजी चिरत ऐकत बसायची, कुठं अडखळते का. कध्धी नाही. उलट माझंच कुठंतरी चुकलेलं मला तिच्यामुळं कळायचं. पण नमाज संपली, मुसल्ला गुंडाळून खुंटीवर गेला, की घटकाभरात विचारायची, "जोहर झाली का गं माझी?" झाली म्हटलं तरी विश्वास बसायचा नाही, पुन्हा वजू, पुन्हा नमाज. हे चिडायचे. मी म्हणायची, "पढू द्या हो. जास्तीची झाली तर अल्ला काय परत पाठवणार आहे?"

त्या वर्षी रमजान उन्हाच्या तोंडाशी आला. आदल्या हिवाळ्यात अम्मा एकदा चक्कर येऊन पडली होती. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बजावून सांगितलेलं, हिला उपाशी ठेवायचं नाही, थोडं थोडं पोटात गेलंच पाहिजे. म्हणून चंद्र दिसला त्या संध्याकाळी हे तिच्यापुढं बसले आणि म्हणाले, अम्मा, यंदा तुम्ही रोजे धरू नका. मी ते मराठीत सांगितलं. सांगायला नको होतं असं वाटलं, पण नवऱ्याचं वाक्य अर्ध्यावर कसं गिळणार? तिनं आधी यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि लहान पोरासारखी रडायला लागली. "मी काय केलं गं? माझा रोजा का काढून घेताय? मला आता एवढंच येतंय की." "नाही हो अम्मा, धरा, धरा," मी म्हटलं. हे माझ्याकडं डोळे मोठे करून बघत राहिले.

पहाटेला ती आमच्याबरोबर सहरीला उठली, दोन घास खाल्ले, रोज्याची नियत केली. आणि दुपारी, जोहरच्या आधी, मी बघते तर बाई स्वयंपाकघरात फळीपुढं उकिडवी बसून बेकरीतला बन खातेय. आरामात. कडेचे तुकडे मोडून, चहात बुडवल्यासारखे नुसत्याच हवेत बुडवून. खाऊन झालं, पदरानं तोंड पुसलं, नळावर जाऊन वजू केला, नमाज पढली, आणि मुसल्ल्यावरनं उठताना मला म्हणाली, "आज रोजा लई लागायलाय बाई. घसा पार वाळला."

मी पदर तोंडात कोंबून मागच्या दारी पळाले. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते हसण्याचं पाणी राहिलं नाही.

मला ते काही नवीन नव्हतं. निपाणीला माझे वडील मशिदीत पोरांना शिकवायचे. मी लहान असताना रोज्यात विसरून पेरू खाल्ला होता, अर्धा संपल्यावर आठवण झाली आणि बोंब ठोकली. वडिलांनी जवळ घेतलं. म्हणाले, विसरून खाल्लंस तर रोजा मोडत नाही, अल्लानंच खाऊ घातलं म्हणायचं आणि पुढं चालायचं. आता मी पडले चोंबडी. विचारलं, मग नमाजेत विसरून खाल्लं तर? ते म्हणाले, तर नमाज मोडली, पुन्हा पढायची. का? तर म्हणाले, नमाज स्वतःच तुला आठवण देत असते. तू उभी आहेस, हात बांधलेत, तोंड काब्याकडं आहे. एवढं असून विसरलीस म्हणजे लक्षच नव्हतं. रोजा मुका असतो. त्याला ना उभं राहणं ना वाकणं. धरलाय का नाही हे अंगावर कुठं दिसत नाही. म्हणून त्यात विसरण्याला माफी. आणि पुढं असंही म्हणाले होते, की रोजेदार विसरून खाताना दिसला आणि तो धडधाकट असला तर त्याला आठवण करावी. अशक्त असला तर करू नये, खाऊ द्यावं.

तेव्हा ते नुसतं ऐकलं होतं. आता अम्माकडं बघून समजलं. नमाज तिला हाताला धरून नेत होती, कारण नमाजेला हात होता. रोजा मुका, तो बिचारा हिला काय सांगणार?

मग मी माझी एक रीत बसवली. रोज जोहरच्या थोडं आधी मऊ दाळभात कालवायचा, वर तूप, झाकण ठेवून खालच्या फळीवर ठेवायचा आणि तिथून निघून जायचं. मी वाढत नव्हते, देत नव्हते, "जेवा" म्हणत नव्हते. मी ठेवून विसरत होते. ती विसरून खात होती. दोन विसरणाऱ्या बायकांत अल्लानं काय ते बघून घ्यावं. पोट भरलं की अजान, अजान झाली की वजू, आणि एकदा मुसल्ल्यावरनं उठली की तिचा रोजा पुन्हा जागेवर. मग मगरीबपर्यंत, म्हणजे सूर्य मावळेपर्यंत, पाण्याला शिवायची नाही. नमाज जणू तिला सांगून जायची, की बाई, आज रोजा आहे.

अक्कांनी एकदा मधल्या दारातून ती जेवताना बघितलं. माझ्याकडं बघून भुवया उडवल्या. मी ओठांवर बोट ठेवलं. अक्का म्हणाल्या, "सरी," आणि दार लोटून घेतलं. एकादशी करणारी बाई, तिला काय सांगायला लागतंय?

संध्याकाळी मशिदीतून गंजी यायची, इथली ती मसाल्याची पातळ पेज. खजुराची बशी मध्ये ठेवून आम्ही अजानीची वाट बघत बसायचो. तेव्हा ती रोज मला हळूच विचारायची, "माझा रोजा राहिला न्हवं?"

"राहिला की अम्मा," मी म्हणायची. ती खजूर डोळ्यांना लावायची आणि मग तोंडात घालायची. एवढा आनंद मी धडधाकट रोजेदारांच्या तोंडावर कधी बघितला नाही, आमच्या यांच्या तर नाहीच. ते गंजीच्या भांड्याकडं बघत बसायचे.

असं छान चाललं होतं. आणि महिना उतरायला लागला तेव्हा तुमकूरहून वन्सं आल्या.

वन्सं म्हणजे यांच्या थोरल्या बहीण. आम्ही आपा म्हणायचो. लग्न होऊन तुमकूरला गेलेल्या, मोठा संसार, घरात माणसांचा राबता, वर्षाकाठी एखादी फेरी व्हायची. आता केस पिकलेले, चश्मा लागलेला. जटक्यातून, इथल्या टांग्यातून, उतरल्या त्या धावत आत आल्या आणि अम्माच्या गळ्यात पडल्या. अम्मानं त्यांना हळूच बाजूला केलं, पदर सावरला आणि म्हणाली, "या, बसा. कुठल्या म्हणायच्या तुम्ही?"

वन्संचा तेव्हाचा चेहरा मला आजही आठववत नाही. मी सांगितलं, "अम्मा, आपा आल्यात, तुमची लेक." अम्मानं हसून मान डोलवली, परक्या बाईशी हसतात तसं. "माझी लेक तुमकूरला दिलीया," ती म्हणाली. "नवीच नवरी हाय अजून."

तेव्हापासून वन्संनी ध्यासच घेतला. सकाळी उठल्या की अम्मापुढं बसायचं आणि विचारायचं, "मी कोण? सांगा, मी कोण?" दखनीत विचारायच्या, मग मोडक्यातोडक्या मराठीत. मराठी त्यांना कळायची सगळी, बोलताना ठेच लागायची. लहानपणच्या खुणा सांगायच्या, कपाळावरचा व्रण दाखवायच्या. अम्मा घाबरून माझ्याकडं बघायची, जशी परीक्षेत नापास होणारी पोरं मास्तरांकडं बघतात. मी एकदा म्हटलं, आपा, राहू द्या, त्यांना ताण होतो. त्या फाडकन म्हणाल्या, "तुला काय, तू सून. तुला विसरली नाही ती."

खरंच, मला विसरली नव्हती. म्हणजे मी कोण हे ठाऊक नव्हतं, पण मी आपली आहे एवढं ठाऊक होतं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यांनी फळीवरचं ताट पकडलं. मी मागं कपडे वाळत घालत होते. आतून आवाज आला, "अम्मा! रोजा है! क्या खा रे तुम?" आणि मग मराठीत, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं, "रोजा! रोजा!"

मी धावत आत आले. अम्माच्या हातात घास, तोंडात घास. दखनी तिला कळत नव्हती, पण 'रोजा' कळला. तिनं तोंडातलं थुंकलं, हात झटकले, नळावर धावली आणि चुळा भरायला लागली. भरतेय, भरतेय, थांबतच नाही. बोटं घशात घालायला लागली तेव्हा मी तिचे हात धरले. "मोडला गं," ती म्हणत होती. "माझा रोजा मोडला. एक बुडवला न्हवता मी."

"नाही मोडला अम्मा, विसरून खाल्लं, विसरून चालतं," मी सांगत राहिले. ऐकायलाच तयार नाही. आणि बघा कसं नशीब. जे लक्षात राहू नये तेच तिच्या लक्षात राहिलं. दुपारची नमाज झाली की रोज तिचं सगळं पुसून जायचं, त्या दिवशी पुसलं नाही. संध्याकाळी खजूर पुढं केला तर तोंड फिरवलं. मला काही विचारलंही नाही. पहाटे सहरीला दात घट्ट मिटून बसली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी ताट ठेवलं, ती त्याच्यापुढून दोनदा गेली, झाकणाकडं बघितलं आणि भिऊन मागं सरली. पाण्याचा थेंब नाही. असरच्या वेळी, उन्हं कलताना, मुसल्ल्यावर उभी राहिली, वाकली आणि वाकलेलीच पुढं गेली. मी जवळच होते म्हणून धरली.

चमच्यानं साखरपाणी पाजलं तिला. दात उघडायला वन्संनी हनुवटी धरली आणि मी चमचा घातला. शुद्धीत आली, डोळे उघडले, आणि मग माझा तोल गेला. मला राग आला की मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही, हे सगळी चामराजपेट जाणते.

"झालं समाधान?" मी म्हटलं. "आठवण करून दिलीत ना? आता बघा आठवण कशी दिसते ती!"

"आणि तू काय करत होतीस?" वन्सं म्हणाल्या. "रोज माझ्या आईला रोज्यात जेवू घालत होतीस, आणि संध्याकाळी रोजा राहिला म्हणून सांगत होतीस. हा रोजा का नाटक?"

"त्यांना तो रोजाच होता!"

"अल्लाला फसवतेस?"

"अल्लाला कोण फसवणार? त्यानंच त्यांना विसर दिला, त्याला ठाऊक नसेल होय?"

खूप बोललो आम्ही. रोज्यात भांडू नये, जिभेचाही रोजा असतो म्हणतात. आम्हा दोघींचा त्या दिवशी राहिला असला तर मेहरबानीच म्हणायची. मी वडिलांचं सांगितलं, तर म्हणाल्या, निपाणीचं शास्त्र निपाणीला. शेवटी हे उठले, चपला घातल्या आणि मशिदीत हजरतांना विचारायला गेले. हजरत म्हणजे आमच्या मशिदीतले नमाज पढवणारे वयस्क गृहस्थ. यांना यायला उशीर लागला नाही. दारातच उभं राहून सांगितलं, की हजरत म्हणाले, अशा माणसावर रोजा नाहीच, रोज एका उपाशी माणसाला जेवू घाला म्हणजे झालं. पण तिच्या मनात रोजा असेल तर तो तिच्या मनातून काढू नका. आणि विसरून खात असेल तर आठवण करू नका, ती अशक्त आहे.

मला वाटलं, आता मी जिंकले. पण वन्संकडं बघितलं आणि जिंकल्यासारखं काही वाटेना. त्या अम्माच्या पायांशी बसल्या होत्या. हळू आवाजात म्हणाल्या, "आठवण करू नका म्हणे. मग मी करू तरी काय इथं?" आणि रडायला लागल्या.

तेव्हा मला कळलं, की त्यांचं भांडण दाळभाताशी नव्हतंच. आईला एक काहीतरी आठवावं, मग तो रोजा का असेना, एवढंच त्यांना हवं होतं. रोजा आठवला तर पुढं लेकही आठवेल. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

त्या रात्रीच्या झोपेनं मात्र अम्माची भीती धुऊन नेली. पहाटे सहरीला मुकाट्यानं दूधभात खाल्ला. दुपारी मी तांदळात हात घालणार, तर वन्सं म्हणाल्या, "सरक." त्यांनी भात मऊ शिजवला, बोटांनी कुस्करला, माझ्यापेक्षा दुप्पट तूप ओतलं. झाकून फळीवर ठेवला. मग आम्ही दोघी दाराआड उभ्या राहिलो, चोरासारख्या.

अम्मा आली. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. झाकण उचललं. ती बसली आणि जेवायला लागली. मध्येच थांबून वास घेतला, "तूप बरं हाय," असं स्वतःशीच म्हणाली. वन्संनी माझं मनगट एवढं घट्ट धरलं की बांगड्या रुतल्या. पण तोंडातून शब्द काढला नाही. ताट संपलं, पदरानं तोंड पुसलं, अजान झाली, आणि अम्मा नळाकडं निघाली.

वन्संनीही वजू केला. अम्माच्या शेजारी दुसरा मुसल्ला टाकला आणि तिच्याबरोबर नमाजेला उभ्या राहिल्या. मी मागं उभी. मायलेकी एकदमच वाकल्या, एकदमच टेकल्या. मागून बघितलं तर कुणाला कळलं नसतं, की यातली एक दुसरीला ओळखत नाही. उठताना दोघींचा उजवा हात सारखाच गुडघ्यावर पडायचा. ते शिकवलेलं नव्हे, रक्तातच आलेलं.

नमाज झाली आणि अम्मानं दुआसाठी हात पसरले. नमाज अरबीत, पण दुआ ती कायम निपाणीच्या मराठीत मागायची, मोठ्यानं, समोर माणूस बसल्यासारखी. तिचं मागणंही ठरलेलं असे, दुकानाला बरकत दे, घरातल्यांना औक्ष दे. त्या दिवशी ते सगळं मागून झालं, आणि ती थांबली नाही.

"आणि माझ्या पोरीला संभाळ," ती म्हणाली. "तुमकूरला दिलीया. लई लांब हाय. लई दिस झालं, आली न्हाई. उन्हात डोस्कं दुखतंय तिचं, लहानपणापासनं. पैला रोजा हट्टानं धरला आणि दुपारी माझ्या मांडीवर डोस्कं ठेवून झोपली, मी वारा घालत बसले. आता तिला वारा घालाय कोण हाय? तूच घाल. तिला म्हणावं, आई विसरली न्हाई."

वन्संच्या चश्म्याखालून पाणी हनुवटीपर्यंत आलं. त्या अम्माकडं वळल्या, ओठ उघडले. मला दिसत होतं काय येतंय ते. अम्मा, मीच. इथंच आहे मी. दोन शब्द, आणि त्यांचा हक्कच होता तो. मी मनात म्हटलं, बोलल्या तर बोलू देत, मी अडवणार नाही.

अम्मानं शेजारी मान वळवली. एक परकी बाई हात पसरून बसलेली तिला दिसली.

"बाई," ती म्हणाली, "तुम्ही बी आमीन म्हणा की."

वन्संनी ओठ मिटले.

"आमीन," त्या म्हणाल्या.

"मोठ्यानं म्हणा," अम्मा म्हणाली. "पोर लांब हाय."

वन्सं मोठ्यानं म्हणाल्या.